झाकणावरचा पालथा चमचा

४ फेब्रुवारी

बारके,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता आमच्या कॅन्टीनच्या कोठीवाल्या काकांकडून लिहून घेतला आहे. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय. पोस्टमनला लागलं असेल तर पत्र तुझ्या हातात आहे, आणि आता उघडलंच आहेस तर वाच. सहा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा "कशी आहेस" वगैरे विचारण्यात कागद घालवत नाही. तू बरीच असणार. तू वेळेवर जेवतेस, मोजून जेवतेस आणि जेवताना बोलत नाहीस.

हे पत्र सल्ला मागण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकते. तू मोठ्या इस्पितळात पथ्यपाणी सांगतेस, लोक तुझ्या दाराशी रांग लावतात, सगळं मला ठाऊक आहे. मी रांगेत उभी नाही. घरातली वडीलधारी म्हणून फक्त कळवते, की उद्यापासून मी शिजवलेलं अन्न सोडते आहे. अठ्ठेचाळीस दिवस. कच्चं तेवढंच खाणार. चूल, भट्टी, वाफ, फोडणी, सगळं बंद. चहासुद्धा.

हसून झालं असेल तर पुढे वाच.

झालं असं. आमच्या बटणांच्या कारखान्यात एक कामगार कल्याण अधिकारी आहेत. त्यांना आम्ही कल्याणसाहेब म्हणतो, पण त्यांच्या हातून कोणाचं कल्याण झाल्याचं अजून ऐकिवात नाही. त्यांनी काल दुपारच्या जेवणानंतर, माझ्याच कॅन्टीनमध्ये, माझीच टेबलं बाजूला सरकवून, एक व्याख्यान ठेवलं. वक्ते साठीचे, काटकुळे, पण जिना असा चढून आले की आमच्या पॅकिंगमधल्या पोरींनी तोंडात बोट घातलं. कामगारांनी पाच मिनिटांत त्यांचं नाव कच्चे गुरुजी ठेवलं. गुरुजी म्हणाले, "अन्नाला आग लागली की त्यातला जीव जातो. तुम्ही रोज मेलेलं अन्न खाता." आणि अडीचशे माणसांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण तुला माझी सवय माहीत आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. उभी राहून म्हटलं, "गुरुजी, माझ्या हातचं मेलेलं खाऊन ही माणसं सव्वीस वर्षं जिवंत आहेत." टाळ्या पडल्या. गुरुजी अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, अठ्ठेचाळीस दिवस कच्चं खाऊन दाखवा. दाखवलंत, तर मी इथेच बसून तुमच्या हातचं ताटभर जेवेन. अकरा वर्षांत मी शिजवलेला घास घेतलेला नाही." आता अडीचशे माणसांसमोर मागे कोण हटेल? मी हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझी तब्येत ठणठणीत आहे. कारखान्याच्या तपासणीत दोन-तीन आकडे जरा इकडेतिकडे आले, एवढंच. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

तुझी (मानत असलीस तर)
ताई

९ फेब्रुवारी, दिवस पाचवा

बारके,

तुझं उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. पण सुरुवात केली आहे तर हकीकत पूर्ण सांगायला हवी.

सकाळी मोड आलेले मूग. दहा वाजता गाजर. दुपारी कोबी, काकडी, टोमॅटो आणि भिजवलेले दाणे. चार वाजता पुन्हा गाजर. संध्याकाळी जे राहिलं असेल ते. माणसाच्या तोंडात बत्तीस दात का दिले आहेत, याचा मला चोपन्नाव्या वर्षी उलगडा झाला. एक वाटी कोबी चावायला मला सव्वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी पन्नास माणसांचा रस्सा फोडणीला टाकते. मूग गिळून गप्प बसणं ही नुसती म्हण नाही, बारके. मूग तोंडात असले की खरोखर बोलता येत नाही. आमच्या कॅन्टीनमधल्या सगळ्यांनी पाच दिवसांत माझं फार कौतुक केलं आहे.

परवा न्हाणीघरात लाल रंग दिसला आणि मी तिथल्याच पाटावर बसून राहिले. घर कोणाच्या नावावर करायचं, इथपर्यंत विचार पोचला (तुझ्या नाही). मग आठवलं, आदल्या दिवशी दोन बीट खाल्ले होते.

खरी अडचण खाण्याची नाही, चाखण्याची आहे. आमच्याकडचा नियम तुला माहीत आहे, कारण तो आईचाच आहे. घरात आपण तिघी बायका स्वयंपाकात हात घालायचो, म्हणून आईने घालून दिलेला: मीठ एकाच हाताचं. जिने मीठ घातलं, तिने चाखायचं, आणि मग झाकणावर चमचा पालथा ठेवायचा. चमचा दिसला की दुसरीने मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही. मी तो नियम कारखान्यात नेला. सव्वीस वर्षांत माझा पालथा चमचा झाकणावर असल्याशिवाय एकही पातेलं खिडकीपाशी गेलेलं नाही. मी नसले की तो अधिकार माझ्या हाताखालच्या आचाऱ्याचा, ज्याला सगळे दुय्यम म्हणतात. आणि दुय्यम चमचा असा हळूच ठेवतो, जसं काही झाकण झोपलेलं आहे.

आता मला चाखता येत नाही. गुरुजींना विचारलं, "जिभेच्या टोकाला थेंबभर लावलेलं चालेल का?" ते म्हणाले, "थेंब म्हणजे शिजवलेलंच की, ताई." मग चाखायला कोठीवाले काका पुढे आले. काका चाळीस वर्षं तपकीर ओढतात. त्यांच्या जिभेपर्यंत बाहेरच्या जगाची खबर क्वचितच पोचते. त्यांना विचारलं, "काका, मीठ कसं आहे?" काका डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आहे."

मीठ आहे हे मलाही ठाऊक होतं. मीच घातलं होतं.

म्हणून सध्या मी अंदाजाने मीठ घालते आणि दुय्यमला तोंडाने सांगते, "घातलं रे." चमचा मात्र ठेवत नाही. न चाखता चमचा पालथा ठेवणं म्हणजे खोटी सही. चमचा खिळ्याला टांगून ठेवला आहे.

ताई

१७ फेब्रुवारी, दिवस तेरावा

बारके,

तुझं पाकीट आलं. कोठीत जाऊन, दार लावून उघडलं. आत काय? इस्पितळाचा छापील कागद. "पथ्याहार विभाग. रुग्णाने स्वतः भरावयाची माहिती." वर "ताई" नाही, खाली "तुझी" नाही. नाव, वय, वजन, उंची, आणि एकूण चौदा प्रश्न. म्हणजे सहा वर्षांनी बहिणीने बहिणीला पत्र लिहिलं आणि बहिणीने तिला केसपेपर पाठवला! मी तो कागद फाडणार होते. मग पाहिलं, तर प्रश्नांपुढच्या रेघा पूर्ण छापील नव्हत्या. छापील रेघ लहान असते. तू प्रत्येक रेघ पट्टीने ओढून लांब केली आहेस. तुला माहीत आहे, मी थोडक्यात लिहीत नाही.

फाडला नाही. विचार करते आहे.

नव्याचे नऊ दिवस संपले. चार दिवसांमागे सकाळी कांदा परतायला टाकला आणि मी त्या कढईसमोर अशी उभी राहिले की दुय्यमला वाटलं मला काहीतरी झालं. काल भाताचं झाकण काढलं आणि वाफेवर तोंड धरून उभी होते. दुय्यम घाबरत घाबरत म्हणाला, "आक्का, वाफ चालते का?" मी म्हटलं, "सर्दी झालीय मला. आणि तू तुझं बघ." त्याने तेव्हापासून मला पाहिलं की झाकणं घट्ट लावायला सुरुवात केली आहे.

पण खोटं कशाला बोलू, एक गोष्ट चांगलीही झाली. वजन साडेतीन किलो उतरलं. जिना चढताना मधल्या कठड्यापाशी थांबून, "हवा छान आहे" असं म्हणावं लागत नाही. सकाळी उठल्यावर अंग हलकं असतं. गुरुजींचं सगळंच खोटं नाही. हे तू त्यांना सांगू नकोस.

दुपारी कधीकधी जरा गरगरतं. कोबीमुळे असेल.

ताई

२४ फेब्रुवारी, दिवस विसावा

बारके,

तुझा कागद भरून सोबत पाठवते आहे. काही उत्तरांचा खुलासा करते, म्हणजे तुझे गैरसमज होणार नाहीत.

वजन: खरं लिहिलं आहे. आधीचंही खरं लिहिलं आहे. दोन्ही वाचून कागदाची घडी घाल, इस्पितळात कोणाला दाखवू नकोस.

प्रश्न पाच, दिवसाकाठी पाणी किती पिता. हे कोण मोजतं? भरपूर.

प्रश्न सहा, रक्तातील साखर. कारखान्याच्या डॉक्टरांनी काढलेला आकडा लिहिला आहे. त्यांनी तो मला सांगितला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. सव्वीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस आहे, मागे टेकून बोलतो. तो पुढे सरकला आणि मला आईचे डॉक्टर आठवले. बस, तेवढंच.

प्रश्न सात, औषधे चालू आहेत का. हा प्रश्न मी मोकळा सोडला आहे. चौदा प्रश्नांत एखादा सुटतोच.

प्रश्न अकरा, कुटुंबात आणखी कोणास हा आजार होता काय. बारके, हे तू मला विचारतेस?

आता विषय निघालाच आहे तर बोलते. आईच्या शेवटच्या चार महिन्यांत ती माझ्याकडे होती. साखर होतीच, त्यात हृदय थकलं म्हणून डॉक्टरांनी मीठ पूर्ण तोडलं होतं. तू कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलास, रोज संध्याकाळी इस्पितळातून थेट यायचीस आणि मी करून ठेवलेलं अळणी सूप तिला स्वतःच्या हाताने भरवायचीस. मला ते आवडायचं. मी तेव्हा बोलले नाही. आणि एका संध्याकाळी तू सूप चाखलंस, चमचा बशीत आपटलास आणि ओरडलीस, "ताई, यात मीठ आहे. तू मारते आहेस तिला." मी आईच्या उशीवर हात ठेवून सांगितलं, की मी चिमूटभरही घातलेलं नाही. तू ऐकलं नाहीस. पंधरा दिवसांनी आई गेली, आणि त्यानंतर तू या घराची पायरी चढली नाहीस.

मी तेव्हा जे सांगितलं, तेच आता सांगते. मी घातलं नव्हतं.

आई शेवटी शेवटी सारखी एकच बोलायची, आठवतं? तू आत आलीस की म्हणायची, मी आत आले की म्हणायची. "दोघी आपसात बोलून घेत जा गं." तिला आधीच कळलं होतं आपलं काय होणार ते. आणि आपण काय केलं? सहा वर्षं तोंडाला कुलूप.

कागद नीट भरला आहे ना ते कळव.

ताई

६ मार्च, दिवस… सांगते

बारके,

तू कागद परत पाठवलास. प्रश्न सातभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला, इतक्या वेळा गिरवलेला की कागद फाटायला आला होता. शेजारी एकच शब्द, "गोळ्या?" तो मी सोमवारीच पाहिला आणि मिठाच्या बरणीखाली ठेवून दिला. तेव्हाच ऐकलं असतं तर काल जे झालं ते झालं नसतं.

हो, मी गोळ्या बंद केल्या होत्या. पहिल्या दिवसापासून. कोणी सांगितलं नव्हतं. मी आपलं मनाशी ठरवलं की गोळ्याही कुठेतरी भट्टीतून भाजूनच येत असणार, म्हणजे त्याही शिजवलेल्याच. अठ्ठेचाळीस दिवस चोख काढायचे तर गोळीचं पाप कशाला? आता लिहिताना हे मलाच वाचवत नाही.

काल डाळीचं मोठं पातेलं उतरवलं. अडीचशे माणसांची डाळ. मी अंदाजाने मीठ घातलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पातेल्याच्या कडेला हात टेकणार होते. दैव म्हणून भिंतीला टेकला. कोणाला दिसू नये म्हणून तशीच कोठीत जाऊन पोत्यावर बसले. दुय्यमला "घातलं रे" सांगायचं राहून गेलं.

दुय्यम आला. झाकणावर चमचा नाही. सव्वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे, चमचा नाही म्हणजे मीठ नाही. त्याने माझ्याच मापाने मीठ घातलं. त्याला चाखायचा अधिकार आहे, पण मी कारखान्यात असताना तो चमच्याला हात लावत नाही. म्हणून त्याने काकांना हाक मारली. काकांनी डोळे मिटले, चाखलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ठाम मत दिलं. म्हणाले, "कमी आहे." आणि कोणाला तोशीस नको म्हणून स्वतःच मूठभर टाकलं.

अडीचशे माणसं जेवायला बसली. पहिला घास घेतला आणि अडीचशे हात एकदम पाण्याच्या पेल्याकडे गेले. आमच्याकडे एवढी शिस्त मोठे साहेब येतात तेव्हाही नसते. कोणी ओरडलं नाही, कोणी ताट सरकवलं नाही. माणसं घास गिळत होती, पाणी पीत होती आणि पुन्हा घास घेत होती. लेथवरचा एक म्हातारा कामगार उठून खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "आक्का, तुमची तब्येत बरी नाही का? आम्ही खातो, काळजी करू नका." बारके, खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, ती माणसं एवढ्या मिठालाही जागत होती. मला रडू आवरेना.

मी सगळ्यांना म्हटलं, "ताटं ठेवा. अर्ध्या तासात दुसरी डाळ येते." पाण्याचं आधण होतंच. डाळ शिजली, मीठ घातलं. मग खिळ्यावरचा चमचा काढला, अडीचशे माणसांसमोर डाळीत बुडवला आणि तोंडात घातला.

एकोणतीस दिवसांनी. गरम डाळ. मीठ बरोबर होतं. मी चमचा पालथा ठेवला आणि कॅन्टीनमध्ये अशा टाळ्या पडल्या की काका तपकिरीची डबी सांडून बसले.

म्हणजे मी हरले. वरती दिवस लिहिला नाही तो म्हणून.

आज गुरुजी आले. कल्याणसाहेबांनी बोलावून घेतलं होतं, बहुधा माझी जिरलेली पाहायला. मी सगळं सांगितलं, गोळ्यांचंही. गुरुजींचा चेहराच उतरला. म्हणाले, "ताई, मी आग सोडा म्हटलं होतं. डॉक्टरला सोडा कधी म्हटलं? व्याख्यानात आधी आजारी माणसांना हात वर करायला सांगतो मी. तुम्ही का केला नाहीत?" मी म्हटलं, "माझ्या हातात डाव होता." खरं म्हणजे मला अडीचशे माणसांसमोर आजारी व्हायचं नव्हतं. ते म्हणाले, "आणि चाखणं हे तर तुमचं काम. त्याची सूट मागितली असती तर काय दिली नसती?" थेंबाला नाही म्हणालेला माणूस! पण मी वाद घातला नाही. ते निघताना भाताचं झाकण निघालं. गुरुजी दारात थबकले. म्हणाले, "दोन मिनिटं उभा राहिलो तर चालेल? नुसता वास." दोन मिनिटं उभे राहिले, मग माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले. सावकाश उतरले. मला तो माणूस आवडला.

डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळ्या सुरू केल्या आहेत. हे तुझ्या प्रश्न सातचं उत्तर.

ताई

७ मार्च

बारके,

कालच्या पत्रात सगळं लिहिलं असं वाटलं होतं. पण सकाळी ते पोस्टात टाकून परत आले आणि कॅन्टीनमध्ये दुय्यम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रडवेला झाला होता. म्हणाला, "आक्का, मीठ मी घातलं. चूक माझी." बिचाऱ्याची काडीचीही चूक नाही, नियमाने वागला. तरी समोर येऊन बोलला. आणि मी?

मी घातलं होतं. आईच्या सुपात. चिमूटभर, रोज.

सुरुवातीला नाही. पहिला महिना मी तुझ्या तक्त्याप्रमाणे चालले. आई घास तोंडात धरून बसायची. गिळायची नाही, थुंकायचीही नाही. एके दिवशी मला म्हणाली, "तू एवढी मोठी आचारी, आणि माझ्याच ताटात मीठ नाही?" मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिमूट घातली. ती जेवायला लागली. तू ओरडलीस तेव्हा मी तिच्या उशीवर हात ठेवून खोटं बोलले, आणि ती उशीवरून माझ्याकडे बघत होती, सगळं माहीत असून. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, की ब्याऐंशी वर्षांचं हृदय थकलं होतं, मिठाने काही फरक पडला नाही. पण मला आतून वाटत राहिलं, की कदाचित तूच खरी. म्हणून तुझ्यासमोर उभी राहू शकले नाही. लोकांना सांगितलं की बारकी बोलत नाही. मीच बोलत नव्हते.

जानेवारीत माझा आकडा ऐकला आणि मनात आलं, आता माझ्या ताटातलं कोण तोडणार? कोण तक्ता चिकटवणार? कोणी नाही. म्हणून मीच सगळं तोडलं, एकदम. गुरुजी निमित्त.

तुला जे म्हणायचं ते म्हण. यावेळी मी ऐकून घेईन.

तुझी
ताई

१५ मार्च

बारके, माझे बारके,

तुझा कागद आला. पुन्हा तोच केसपेपर! पण यावेळी चौदाही प्रश्न तू काट मारून खोडलेस, आणि खाली "शेरा" लिहिलंय तिथून सुरुवात करून मागची बाजू भरलीस. शेरा कितीदा वाचला ते सांगत नाही. आता तोंडपाठ आहे:

"ताई, मीही घालत होते. खिशात पुडी असायची. तू पाणी आणायला आत गेलीस की चिमूटभर. त्या दिवशी घालण्याआधी एकदा चाखून पाहिलं, तर आधीच मीठ होतं. मी तुझ्या चिमटीला घाबरले नाही. दोघींच्या मिळून अडीच महिन्यांत किती झालं त्याला घाबरले, आणि ओरडले तुझ्यावर. तक्ता मी लावला होता ना. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मी हे दुय्यम आणि काकांच्या समोर उघडलं होतं. वाचलं आणि हसत सुटले. दोघांना कळेना. मग रडायला लागले, तेव्हा दुय्यमने घाईघाईने सगळ्या झाकणांवर नजर टाकली, कुठे काही चुकलं का म्हणून.

अगं, म्हणून आई सारखं पाणी मागायची! आणि आपण दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहून म्हणायचो, उन्हाळा फार आहे. तिच्या सुपाची कारखान्यातली डाळ झाली होती, बारके. चोरून घातलेल्या मिठावर चमचा कोण ठेवणार? आणि ती बाई सगळं ओळखून, एकीचं दुसरीला न सांगता, मुकाट्याने पीत होती. नुसतं म्हणायची, "दोघी आपसात बोलून घेत जा गं." मी सहा वर्षं त्यात केवढा अर्थ शोधत होते. तिला एवढंच म्हणायचं होतं, की मीठ डबल पडतंय!

डॉक्टरांनी दोन महिने दिले होते, ती चार महिने राहिली. त्याचं श्रेय मला घ्यायचं नाही, तूही घेऊ नकोस. पण शेवटपर्यंत जेवली, हे आपल्या दोघींचं.

आता कामाचं बोलते. डॉक्टरांनी अर्धं ताट कच्चं चालू ठेवायला सांगितलं आहे, अर्धं शिजवलेलं, मीठ बेताचं, गोळी वेळेवर. तुझं काय मत आहे ते मला टपालाने नको आहे. पुढच्या रविवारी ये. तक्ता घेऊन ये, कपाटाचं दार मी पुसून ठेवलं आहे. तिथे जुन्या तक्त्याचे चार डाग अजून आहेत, त्यांवरच बसेल. कोबी मी सकाळीच चिरून ठेवीन, म्हणजे चावायला घेतला की तू येईपर्यंत संपेल. आणि एक सूप करीन, तेच, आईचं.

येताना खिशात पुडी आणू नकोस. मीठ मी घातलेलं असेल, आणि चाखलेलंही. झाकणावर चमचा पालथा दिसेल.

तुझी
ताई